केसरबाई आणि न जोडलेली तार

ज्या तारेला कुठूनच वीज जोडलेली नाही, ती तार माणूस मारते का? बोला की. नुसती मान हलवू नका. शहाणा माणूस लगेच म्हणेल, जोड नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर मरण कुठलं? सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात लासुर्ण्याच्या शिवारात अर्धं गाव हेच म्हणत होतं. आणि हेच म्हणत एका तरण्या पोराला त्या तारेला बांधायला निघालं होतं. त्या पोराची आई केसरबाई. ही तिची गोष्ट. मन घट्ट करून वाचा, हिच्यात मऊ असं फार काही सापडायचं नाही.

केसरबाई मूळची डाळजची. तिच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला आणि गावातलं मेलेलं ढोर ओढायला साफ नकार दिला. त्या नकारापायी चावडीपुढं त्याला जोड्यानं मारलं. केसरचा तेव्हा जन्मही नव्हता, पण ही हकिकत त्या घरात पोरांना भाकरीबरोबर वाढली जायची. बाप शेवटी एवढंच म्हणायचा, "मार खाल्ला, पर दोर न्हाय धरला." असल्या घरातली पोर. तिचा हात तोंडाच्या आधी चालायचा. पाणवठ्यावर एकानं तिच्या घागरीला लाथ मारली, तर तिनं तीच घागर उचलून त्याच्या कपाळावर घातली. घागरीला पोचा आला, कपाळाला खोक पडली. लग्नाआधीच तिचं नाव सगळ्या पाहुण्यांत झालं होतं. "डाळजची केसर नगं बाबा. ती सून न्हाय, फौजदार हाय."

लासुर्ण्याच्या भानुदासनं मात्र हसत होकार दिला. "घरात येक तरी मारणारं पायजे," तो म्हणाला, "मला काय हात उचलाय येत न्हाय."

भानुदास उंच, काटक. मुंगीसारखा लोखंडावर चढायचा. म्हणून मोठ्या लाइनच्या टोळीत त्याला काम मिळालं. बारामतीकडून इंदापूरकडं उसातनं निघालेले ते मनोरे तुम्ही पाहिले असतील. मनोऱ्याला दोन्ही बाजूंनी हात असतात. एक्क्याण्णव साली त्यातल्या एका बाजूच्या तारा ओढून त्यांत वीज सोडलेली होती. दुसऱ्या बाजूच्या तारा टोळी ओढत होती. या नव्या तारा दोन्ही टोकांना मोकळ्या. टोळीतली माणसं त्यांना 'मेल्याली तार' म्हणायची. तरी एक नेम होता. मेलेल्या तारेला हात लावायच्या आधी तांब्याची साखळी घ्यायची, तिचं एक टोक मनोऱ्याच्या लोखंडाला आवळायचं आणि दुसरं तारेवर टाकायचं. याला ते तारेला जमीन देणं म्हणायचे. मनोऱ्याचे पाय जमिनीत. तारेत जे काही असेल ते साखळीतनं मनोऱ्यात आणि मनोऱ्यातनं मातीत. मग तार धरा नाही तर तिच्यावर झोके घ्या.

केसर त्याच कामावर खाली खडी वाहायची. त्या दिवशी पुढच्या मनोऱ्यावर साखळी कमी पडली. मुकादम म्हस्कूनं खालूनच आरोळी दिली, "भानुदासच्या हितली साखळी सोडा अन् फुडं धाडा! हितलं काम उरकल्यात जमा हाय." वर दुसऱ्या एका गड्यानं ती सोडली. भानुदासची तिकडं पाठ होती. त्याला पत्ता नाही. वाऱ्यात त्यानं आरोळीही ऐकली नाही. त्यानं सवयीनं तारेकडं हात नेला, आणि केसरनं खालनं पाहिलं, की नवऱ्याची पाठ एकदम धनुष्यासारखी ताणली, मान मागं गेली, आणि मग सगळं अंग चिंधीसारखं कमरेच्या पट्ट्यात लोंबायला लागलं. खाली उतरवेपर्यंत तो संपला होता. तळहातावर एक काळा डाग, बाकी अंगावर ओरखडा नाही.

म्हस्कू लोकांना सांगायला लागला, "प्याला होता. तोल गेला. मेल्याली तार कंदी मारती व्हय?"

केसरनं डोक्यावरची पाटी टाकली आणि फावडं उचललं. पहिला घाव म्हस्कूच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर बसायचा, तर तो खाली लोळत ओरडला, "साखळी! साखळी काढली हुती, बाई! म्या काढाय लावली!" चौघांनी तिला धरलं म्हणून म्हस्कू वाचला. पुढं ठेकेदाराच्या माणसांनी तडजोड घडवली. म्हस्कूनं फावड्याची तक्रार मागं घेतली, केसरला भानुदासच्या मरणाची तक्रार मागं घ्यायला लावली. एक खांदा आणि एक अख्खा माणूस, असा सौदा. याला आपल्याकडं मिटवामिटवी म्हणतात.

एक माणूस मात्र त्यांत भला निघाला. लाइनवरचा एक तरुण इंजिनियर. तो तिच्या घरी आला, जमिनीवर बसला, तिच्या हातचा चहा प्याला.

"केसरबाई," तो म्हणाला, "भानुदास प्यालेले नव्हते. मी तसं वरती लिहून दिलंय, पण कुणी वाचणार नाही."

"तार मेल्याली व्हती ना? मग कशानं मारलं?"

इंजिनियरनं दारातनं दिसणाऱ्या कालव्याकडं बोट केलं. "कालव्याला पाणी सुटलं, की कडंच्या विहिरींचं पाणी वाढतं का नाही?"

"वाढतं की. पाझरानं."

"कालव्यातनं विहिरीत पाइप टाकलाय का कुणी?"

"न्हाय."

"हे तसंच. शेजारच्या चालू तारा मैलोन्‌मैल या नव्या तारांच्या बरोबर धावतात. त्यांचा जोर हवेतनं पाझरतो आणि या तारांत साठतो. वाट दिली की मातीत जातो. वाट नाही दिली आणि माणूस मधे आला, तर माणसातनं जातो."

केसर म्हणाली, "म्हंजी माझा दादला वाट झाला."

इंजिनियरची नंतर लांब कुठं तरी बदली झाली. पण केसरच्या डोक्यात ही गोष्ट खिळ्यासारखी बसली, की वर चालू लाइन असली आणि खालच्या तारेला जमीन दिलेली नसली, तर ती तार मेलेली नसते. दबा धरून बसलेली असते.

पोरगा बुद्धघोष. बापाची उंची आणि आईचं डोकं. तो भवानीनगरला जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरायचं काम शिकला आणि तिथंच दुकानात राहिला. केसरबाई लासुर्ण्यात मेथी-कोथिंबीर आणि गवारीचं दोन एकर रान बघायची. त्या रानाच्या बांधाला बांध सावळारामचा.

सावळाराम माळव्याचा, म्हणजे भाजीपाल्याचा शेतकरी. कारली, दोडका पिकवावा तर त्यानंच. रानात खडा दिसला तर उचलून खिशात घालणारा माणूस, इतका टापटिपीचा. पण बांधाच्या बाबतीत मात्र त्याचा ट्रॅक्टर दर साली आंधळा व्हायचा. नांगराची एक ओळ केसरबाईच्या हद्दीत यायचीच. मोठी लाइन नेमकी त्याच्या रानावरनं लांबच्या लांब गेलेली. कारल्याचा मांडव त्याच लाइनच्या खाली, तिच्याच दिशेनं.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण सगळं मरण या कामात दडलंय. मांडव म्हणजे ओळीनं बांबू, त्यांच्या डोक्यावरनं लांब ताणलेल्या उघड्या तारा, आणि दोन्ही टोकांना त्या तारा खाली ओढून मातीत दगडाला बांधलेल्या. याला तणावा म्हणतात. सावळारामचे जुने मांडव असेच होते आणि कधी कुणाला काही झालं नाही. कारण तारेचा तणावा मातीत गेला, की तार आपसूकच जमिनीला मिळते. पण कालव्याच्या पाण्यानं तो सगळा पट्टा मिठाला आलेला. खारट मातीत तार पुरली की सालभरात गंजून तुटते, आणि ऐन मालात मांडव कारल्यासकट आडवा होतो. सावळाराम वैतागला. त्या साली त्यानं डोकं चालवलं. तणावे नायलॉनच्या दोरीचे केले. बांबूंना वाळवी लागू नये म्हणून त्यांची बुडं डांबरात बुडवून काढली. पाणी ठिबकनं, म्हणजे रान वरनं कोरडं ठणठणीत. वेल अजून वितभर, तारेला टेकायचे होते. बघणारे म्हणाले, वा आबा, काय मांडव उभा केला! खरं तर आबानं त्या मांडवाच्या पायात जोडे घातले होते. आता वरनं जे पाझरेल त्याला मातीत उतरायला वाट नव्हती.

सुतळ्या बांधायला वस्तीवरच्या बायका जायच्या. त्यातली नकोशी एक दिवस केसरबाईच्या दारात बसून बोटं चोळायला लागली.

"केसराक्का, आबाच्या मांडवाची तार चावती गं."

"चावती म्हंजी?"

"हात लावला की सुई टोचल्यागत. मुंग्या पार कोपरापतूर. आबाला सांगितलं तर म्हनला, ऊन लागलंय तुला, पानी पी."

केसरबाईनं मान वर करून लाइनकडं पाहिलं. त्या उन्हात लाइनचा बारीक गुणगुणाट ऐकू येत होता. तिला सगळं कळलं. त्या क्षणी कळलं. पण त्याच आठवड्यात दिग्विजयनं, म्हणजे सावळारामच्या लेकानं, पुन्हा बांध नांगरला होता. बुद्धघोषनं भवानीनगरच्या चहाच्या टपरीवर भर गर्दीत त्याची गचांडी धरली होती. "पुन्यांदा माज्या बांधाला नांगर लावलास तर असा झटका दीन, की तुजी पिढी बांध वलांडायची न्हाय!" असं बोलला होता. दिग्विजयनंही त्याच्या कानशिलात वाजवली होती. अंगात ती आग अजून तशीच होती. केसरबाई म्हणाली, "चावू दे." आणि घरात जाता जाता पुढं म्हणाली, "तू नगं जाऊस उद्यापासनं. त्यास्नी चावू दे येकदा."

दोन शब्द. "चावू दे." ते लक्षात ठेवा.

मग सावळारामनं मांडवाच्या आडव्या तारा ओढल्या. पायात जाड रबरी चपला आणि खाली कोरडी माती, त्याला काही जाणवलं नाही. आत्तापर्यंत एकेक तार सुटी होती, तिचं तिच्यापुरतं चावणं. आडव्या तारांनी सगळ्या तारा एकमेकींना बांधल्या, आणि पुऱ्या मांडवाचा जोर एका जागी झाला. दुसऱ्या दिवशी बायका आल्या नाहीत. नकोशीनं सगळ्यांनाच थांबवलं होतं. म्हणून सावळारामची बायको धोंडाबाई स्वतःच सुतळ्या घेऊन निघाली, सून राजनंदिनी बरोबर. धोंडाबाई अनवाणी. मांडवाकडेच्या पाटाला पाय धुतले आणि तशीच ओल्या मातीत उभी राहून तिनं वर हात केला.

ओरडलीही नाही. तारेला धरून उभी राहिली, मग गुडघ्यातनं खचली आणि पाटात पडली.

राजनंदिनीच्या किंकाळीनं माणसं धावली. सावळाराम ओरडला, "डीपी पाडा, डीपी!" एकानं पळत जाऊन गावाला वीज देणाऱ्या डीपीचे तिन्ही फ्यूज उपटले. धोंडाबाईला जीपमध्ये घालून बारामतीला नेलं, पण वाटेतच खेळ संपला होता. जीप मढं घेऊनच माघारी आली.

मग सुरू झाला शोध. मांडवात वीज आली कुठनं? मोटारीची पेटी लांब, तिची केबल धड. कुणी आकडा टाकलाय का, चोरून तार जोडलीय का, सगळा मांडव लांबनंच हुंगून काढला. काही नाही. दिग्विजय आईच्या मढ्याजवळनं उठला, त्याचे डोळे लाल झाले होते.

"आकडा टाकला, काम झालं, काढून नेला," तो म्हणाला. "विजंचं काम कुणाला येतं हितं? झटका दीन म्हनून टपरीवर कोन बोललं?"

बस्स. पुढं कुणाला काही विचारावं लागलं नाही.

भवानीनगरला दुकानातनं बुद्धघोषला ओढून काढलं. हातात अर्धी भरलेली मोटार होती, तिची तांब्याची तार त्याच्या बोटांना गुंडाळलेली, तसाच फरफटत नेला. जीपमध्ये टाकून वाटभर लाथा. खिशात टेस्टर आणि पक्कड सापडली. "ही बघा हत्यारं!" म्हणून एकानं पक्कड त्याच्याच तोंडावर हाणली. मांडवापाशी त्याला उतरवलं तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. तो फुटलेल्या ओठांनी एकच सांगत होता, "टेस्टर लावून बघा. तारंला टेस्टर तरी लावा." दिग्विजयनं तो टेस्टर टाचेखाली घेऊन चिरडला.

"माझी आय ज्या तारंनं मेली," तो म्हणाला, "त्याच तारंला याला बांधायचं. मग पेटीतनं वायर आणून मांडवाला जोडायची, अन् डीपी उचलायचा. बघू कसा झटका बसतो."

कुणी नको म्हणालं नाही. दोघं जण दोर शोधायला गेले. डीपी पडलाय, आता तार मेलेलीय, असं सगळ्यांनी धरलेलं. बुद्धघोषला त्या तारेला टेकवलं असतं तर फ्यूज घालून डीपी उचलायची गरजच नव्हती. आणि टेकवणारेही त्याच्याबरोबर गेले असते.

नकोशी ऊर फुटेस्तवर पळत केसरबाईकडं आली. "बुद्धघोषला मारत्यात! तारंला बांधनार हायत!"

केसरबाईनं रडगाणं गायलं नाही. तिनं गोठ्यात उभी केलेली पहार उचलली, म्हशीच्या गळ्यातली साखळी सोडली आणि रानातनं सरळ निघाली. ती बांध ओलांडून आली तेव्हा दिग्विजयनं बुद्धघोषचे केस मुठीत धरले होते, हात मागं बांधलेले होते. सावळाराम बाजूला मातीत बसलेला, पटका उतरून मांडीवर ठेवलेला. तो कुणाकडंच बघत नव्हता.

"दिग्विजय!" ती ओरडली. "तारंला हात लावू नगंस!"

"आली बघा," गर्दीतला तात्याबा म्हणाला. हा सावळारामचा चुलतभाऊ, तोंडाचा तिखट. "पहार घेऊन आली. हिला आत घ्या रं, लेकाशेजारी जागा हाय."

"ती तार जित्ती हाय! डीपीचा संबंध न्हाय. ती वरच्या लाइनीची वीज हाय!"

"वरच्या लाइनीची?" तात्याबा हसला. "शिडी लावून उतरली व्हय गं? का तुज्या लेकानं बादलीनं आनली?"

"मेल्याली तार न्हाय मारत, केसरबाई," दुसरा कुणी बोलला. "तुजा भानुदासबी तारंनं न्हाय मेला. पिऊन पडला हुता."

हे केसरबाईनं ऐकलं. सहा वर्षांनी पुन्हा तेच वाक्य. ती पुढं आली, दिग्विजयच्या समोर. आवाज चढवला नाही.

"तार मेल्याली हाय म्हनतोस?"

"व्हय."

"मग आदी तू धर."

"आये, नगं!" बुद्धघोष ओरडला. त्याला पुढचं दिसलं होतं. "दिग्विजय, नगं धरू!"

"धरतो की," दिग्विजय म्हणाला. "तुमच्यावानी भित्रा न्हाय." मारामारीत त्याच्या पायातल्या चपला कधीच गेल्या होत्या. पाट फुटून तिथं चिखल झालेला. त्यानं बुद्धघोषचे केस सोडले, हात वर केला आणि तार मुठीत धरली.

खोटं कशाला सांगायचं? केसरबाईला ते हवं होतं. एका श्वासापुरतं तिला हवं होतं, की याला कळू दे. आणि मग दिग्विजयची पाठ ताणली. धनुष्यासारखी. मान मागं गेली. केसरबाईला तिथं दिग्विजय दिसेना. वर मनोऱ्यावर, पट्ट्यात, तीच पाठ.

बाजूला उरलेल्या बांबूंचा ढीग होता, डांबर न लागलेला, खडखडीत वाळलेला. तिनं पहार टाकली, त्यातला एक बांबू उचलला आणि दोन्ही हातांनी, जेवढा जोर होता तेवढा लावून, दिग्विजयच्या मनगटाखाली घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मूठ सुटली. दिग्विजय उलथा पडला आणि हलेना.

"मारलं! पोराला मारलं हिनं!"

मग गर्दी तिच्यावर पडली. पोटात लाथ, पाठीत दगड. तात्याबानं तिचा कान ओढला तो कुडीसकट फाटला. कुणाच्या तरी टाचेनं तिचे पुढचे दात पाडले. ती खाली पडूनही एकाच्या पोटरीला चावली, त्यानं किंचाळत तिच्या डोक्यावर बुक्की मारली. बुद्धघोष बांधल्या हातांनी आईवर आडवा पडायला धडपडत होता, त्यालाही तुडवलं. दहा-वीस माणसं, आणि एकाच्याही मनात आलं नाही, की बांबूच्या एका फटक्यानं एवढा धटिंगण बेशुद्ध कसा पडेल?

ते आलं राजनंदिनीच्या. ती नवऱ्याजवळ बसली होती. त्याच्या छातीवर ती मुठी आपटत होती, आणि तिच्या मुठींनी म्हणा की नशिबानं म्हणा, त्याला श्वास लागला. त्याचे ओठ हलले. तिनं कान जवळ नेला.

ती उठली आणि गर्दीत घुसली. हाताला येतील त्यांच्या शर्टांना, केसांना धरून मागं ओढायला लागली. "सोडा! सोडा तिला, मुडद्यांनो! तिनं न्हाय मारलं! तारंनं धरलं हुतं त्यास्नी! तिनं सोडवलं!"

गर्दी थांबली. सासूच्या दुःखातली सून खोटं कशाला बोलेल? दिग्विजय खाली पडल्या पडल्या, मोडका हात छातीशी धरून, पुन्हा म्हणाला, "तार... चिकटली... सुटंना."

"डीपी कुनी उचलला?" तात्याबा गरजला.

ज्यानं डीपी पाडला होता तो पुढं आला. "कुनी न्हाय उचलला, तात्या. तिन्ही फ्यूज माज्या खिशात हायत." त्यानं ते काढून दाखवले.

तेव्हा कुठं एकेक मान वर गेली, मोठ्या लाइनीकडं. ती तशीच गुणगुणत होती.

केसरबाई उठून बसली. तोंडातलं रक्त थुंकली. कुणी हात दिला नाही, तिनं मागितलाही नाही. पहार शोधून काढली आणि पाटातल्या ओल्या मातीत ठोकायला लागली. दगड घेऊन, बसून, पहार जेमतेम हातभर वर राहीपर्यंत ठोकली. मग म्हशीची साखळी पहारीला आवळली, मोकळं टोक हातात घेऊन थोडं झुलवलं आणि लांबनं तारेवर फेकलं. 'चट्ट' करून निळी ठिणगी उडाली. पुढची माणसं मागं सरली. साखळी तारेवर लोंबत राहिली.

केसरबाई चिखलात, अनवाणी, तारेखाली जाऊन उभी राहिली.

"आये!" बुद्धघोष ओरडला.

तिनं उघड्या हातानं तार धरली. काही झालं नाही. तिनं दुसराही हात लावला आणि तशीच तारेला लोंबकळल्यासारखी उभी राहिली.

"आता मेली ही," ती म्हणाली. "आता धरा. धर की रं तात्याबा. आता का न्हाय धरत?"

तात्याबानं धरली नाही.

सावळाराम इतका वेळ बसूनच होता. तो उठला, जवळच्या बांबूपाशी गेला, खाली वाकला आणि बुडाचं डांबर बोटांनी चाचपलं. मग नायलॉनची दोरी चाचपली. नकोशी मागच्या बाजूला उभी होती, तिच्याकडं त्यानं एकदा पाहिलं. "चावती म्हनली हुतीस तू," तो म्हणाला. एवढंच. मग त्यानं कुऱ्हाड उचलली आणि तणावे तोडायला लागला. एक तोडला, दुसरा तोडला. लोक म्हणत होते, आबा, बास करा. तो ऐकेना. मांडव आधी कलला, मग करकरत एका अंगावर आला, आणि सगळं रान तारांच्या जाळ्याखाली झोपलं. सावळाराम त्या तारांवर कुऱ्हाड घालत राहिला, पातं बोथट होईपर्यंत. बायकोचं नाव घेत होता.

केसरबाईनं लेकाचे हात सोडले. दोर रक्तानं फुगला होता, गाठ दातांनी सोडवावी तर पुढचे दात नव्हते. नकोशीनं विळा दिला.

त्या डोळ्यानं बुद्धघोषला पुढं कधी दिसलं नाही. वायंडिंगचं काम बारीक तारेचं, एका डोळ्यानं जमेना, तर तो नांगराचे फाळ जोडायच्या कामाला लागला. ज्यांनी त्याला तुडवलं त्यांतला एकही फौजदारापुढं सापडला नाही. गर्दीला नाव नसतं, असं उत्तर मिळालं. नावं आम्हाला पाठ आहेत. दिग्विजयचा हात वाकडा जुळला. केसरबाईवर हात मोडल्याची तक्रार कर म्हणून त्याला चौघांनी भरवलं, पण त्यानं केली नाही. माफीही मागितली नाही. समोर आला तर मान फिरवतो. आणि बांधाचं भांडण? ते मिटलं बिटलं नाही, पुढच्याच साली पुन्हा जुंपलं. ही काही देवळातली कथा नव्हे.

एवढं मात्र झालं, की पुढल्या हंगामात सावळारामच्या मांडवाच्या चारी कोपऱ्यांना चार पहारी उभ्या होत्या, तारेनं मांडवाला जोडलेल्या. खारट माती त्यांनाही खाते. म्हणून दर साली तो त्या उपटून बघतो आणि बदलतो.

केसरबाईची लोक तारीफ करतात. वैऱ्याचं पोर वाचवलं म्हणतात. ती तोंडाचं बोळकं उघडून शिवी देते. एकदा कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता ती म्हणाली, "पोर वाचवलं, पर त्याच्या आयला कुनी मारलं? नकोशी माझ्या दारात बसून बोटं चोळत हुती. मला समदं ठावं हुतं. बांध वलांडून चार पावलं जायचं हुतं. म्या म्हनलं, चावू दे." मग जुडी इतकी आवळली, की सुतळी तुटली. धोंडाबाईच्या मरणाची भानुदासच्या मरणाशी ती बरोबरी करते. तिथं म्हस्कूनं साखळी काढली, इथं आपण साखळी दिली नाही, एवढाच फरक, असं तिचं म्हणणं. आम्ही वाद घातला, ती बधली नाही.

म्हणून हे वाचणाऱ्या बाबांनो, बायांनो, तुमच्याकडं मागणं आहे. मोठ्या लाइनखाली तुमचा मांडव असेल, तारेचं कुंपण असेल, तर बाई-माणूस आत घालायच्या आधी लाइनच्या माणसाला बोलावून त्या मांडवाला, कुंपणाला जमीन द्या. आणि तुमच्या वैऱ्याच्या रानातली तार चावते असं कानावर आलं, तर भांडण तिथंच ठेवा, बांध ओलांडा, आणि आधी जाऊन त्याला सांगा. भांडायला उद्याचा दिवस आहे. आजच जा.